गुरुवारी तो ओरडत नव्हता

सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तो ओरडायला लागायचा. सहा वर्षांचा मुलगा. समोर लाल-निळ्या ठोकळ्यांचा डबा, शेजारी मी, माझ्या मांडीवर तक्ता. आधी तो खांदे वर ओढून घ्यायचा, मग उजव्या मुठीनं स्वतःच्या कानशिलावर मारायचा आणि मग ओरडणं सुरू व्हायचं. पुण्यातल्या एका थेरपी केंद्रात मी तेव्हा नुकतीच लागले होते. मानसशास्त्राची पदवी, चार दिवसांचं प्रशिक्षण आणि हातात एक छापील योजना, एवढीच माझी शिदोरी. योजनेत लिहिलं होतं की मुलगा काम टाळण्यासाठी ओरडतो. तेव्हा काम थांबवायचं नाही आणि त्याला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. मी तसंच केलं. तीन आठवडे केलं.

ओरडण्याची वेळ मी रोज तक्त्यात लिहीत होते, कारण लिहायला सांगितलं होतं. ती वाचायचीही असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात एक अनुभवी ताई पाहणीला आल्या. त्यांनी तक्ता हातात घेतला आणि तीन रिकाम्या चौकटींवर बोट ठेवलं. तिन्ही गुरुवारच्या. "गुरुवारी वेगळं काय करतेस?" मी म्हटलं, काहीच नाही, उलट गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, पंखाही नसतो. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि खाली वाकून बघितलं. बरोबर आमच्या खोलीखाली इमारतीच्या पाण्याचा पंप होता. वॉचमन तो रोज अकरा-सव्वाअकराला सुरू करायचा. गुरुवारी वीज नाही, म्हणून पंप नाही, म्हणून ओरडणं नाही.

मुलगा सुटका मागत होता, हे योजनेनं बरोबर ओळखलं होतं. कशापासून, तेवढं चुकलं होतं. आणि त्या एका चुकीपायी मी एका लहान मुलाला, ज्याला तो आवाज कानात खिळे ठोकल्यासारखा होत असणार, तीन आठवडे त्याच आवाजात धरून बसवलं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण हा लेख मी तिच्यामुळेच लिहिते आहे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठीच्या वर्तन-उपचारांबद्दल मराठीत बोललं जातं तेव्हा चर्चा डॉक्टरांची होते, निदानाची होते, फीची होते. मुलासोबत रोज दोन-तीन तास चटईवर बसणाऱ्या मुलीची होत नाही. पालक तिला 'थेरपीवाल्या ताई' म्हणतात, परदेशात तिला बिहेवियर टेक्निशियन म्हणतात. योजना वरचा तज्ज्ञ आखतो, पण मुलाच्या वाट्याला जी थेरपी येते ती या ताईच्या हातून. तिला काय यायला हवं हे आपल्या देशात सरकारनं ठरवलेलं नाही. ते ठरवायला हवं, कायद्यानं ठरवायला हवं, आणि ठरवताना यादीच्या पहिल्या ओळीत तंत्र नव्हे, तर 'वर्तनाला कारण असतं आणि मुलाचा नकार हेही वर्तनच असतं' हे वाक्य यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस, म्हणजे एबीए, या शास्त्राचा पाया तसा सोपा आहे. एखादं वर्तन घडण्याआधी काय झालं, नेमकं काय घडलं आणि नंतर काय झालं, या तीन गोष्टी जशा दिसल्या तशा लिहायच्या. 'चिडला' असं लिहायचं नाही. 'डबा ढकलला, तीन ठोकळे खाली पडले' असं लिहायचं. 'हट्टीपणा केला' लिहायचं नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवीन मुलींना सगळ्यात जड हेच जातं. आपल्याकडे मुलाच्या वागण्याला नाव ठेवणं आणि त्याचं वर्णन करणं यात कुणी फरकच केलेला नसतो. 'लाडावलाय', 'नाटकं करतो', 'आईसमोरच करतो बघा'. यातलं एकही वाक्य तुम्हाला पंपापर्यंत नेत नाही.

वर्तन कशासाठी घडतं याची ढोबळ उत्तरं चार: कुणाचं लक्ष हवं असतं, एखादी वस्तू किंवा कृती हवी असते, कशापासून तरी सुटायचं असतं, किंवा त्या वर्तनातूनच शरीराला काहीतरी मिळत असतं. अमेरिकी वर्तन-संशोधक ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांवर काम करून दाखवलं की वरून सारखंच दिसणारं वर्तन वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी टिकून असतं. एक मूल डोकं आपटतं कारण त्यानंतर माणसं धावून येतात. दुसरं आपटतं कारण त्यानंतर काम थांबतं. पहिल्यासाठी बनवलेला उपाय दुसऱ्याला लावला तर ते आणखी जोरात आपटेल. आणि या चारही कारणांच्या आधी एक पाचवा प्रश्न असतो, तो मी प्रत्येक नव्या मुलीकडून घोकून घेते: दात बघितला का, कान बघितला का, पोट साफ आहे का? बोलता न येणारं मूल दाढ दुखली तर गालावरच मारून घेणार.

आता 'प्रबलन' हा शब्द घ्या. पाठ्यपुस्तकात तो असतो, केंद्रात सगळे रीइन्फोर्समेंटच म्हणतात, आणि पालकांपर्यंत पोचेपर्यंत त्याचं 'बक्षीस' होतं. तिथून गोंधळ सुरू होतो. आजी म्हणते, "ही तर लाच झाली." आजीचं चुकत नाही. मूल ओरडायला लागल्यावर गप्प करण्यासाठी पुढे केलेलं बिस्किट ही लाचच, आणि त्यानं ओरडणंच पक्कं होतं. प्रबलन म्हणजे वर्तनानंतर आलेली अशी कोणतीही गोष्ट, जिच्यामुळे ते वर्तन पुढे वाढतं. वाढलं नाही, तर तुम्ही कितीही महागडं चॉकलेट दिलं असेल, ते प्रबलन नव्हतं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिनं चित्र बरोबर ओळखलं की आम्ही तिघी टाळ्या वाजवून "व्हेरी गुड!" असा गजर करायचो. आठवड्याभरात तिनं चित्रांकडे बघणंच सोडलं. आमचं कौतुक ही तिच्यासाठी शिक्षा होती. टाळ्या थांबवून नुसता तळहात पुढे केला, तेव्हा ती त्यावर बोट टेकवायची आणि पुढच्या चित्राकडे वळायची.

ऋण प्रबलनाचा तर सगळीकडेच विचका झालेला आहे. चांगले शिकलेले लोकही त्याला शिक्षा समजतात. खरं तर काहीतरी नकोसं थांबतं आणि त्यामुळे वर्तन वाढतं, ते ऋण प्रबलन. लग्नाच्या हॉलमध्ये मूल किंचाळतं, आई त्याला उचलून बाहेर नेते, गोंगाट थांबतो, मूल शांत होतं. मुलाचं किंचाळणं पक्कं झालं, कारण त्यानं सुटका झाली. आईचं उचलून नेणंही पक्कं झालं, कारण किंचाळणं थांबलं. दोघांपैकी कुणीच वाईट वागलेलं नाही. चांगली ताई इथे आईला दोष देत नाही. ती मुलाला किंचाळण्याच्या जागी 'बाहेर' म्हणायला, किंवा दाराकडे बोट दाखवायला, किंवा कार्ड द्यायला शिकवते, आणि त्यानं तसं केलं की पहिल्या काही आठवड्यांत दर वेळी त्याला खरंच बाहेर नेते. दर वेळी, कारण मुलाच्या नव्या शब्दावर आपण विश्वास ठेवला नाही, तर त्यानं जुनं किंचाळणं का सोडावं?

आणि 'लक्षच देऊ नका' हा सल्ला. त्यामागच्या तत्त्वाला शास्त्रात विलोपन म्हणतात, म्हणजे वर्तनातून जे मिळत होतं ते मिळू न देणं, आणि त्याच्या काही अटी आहेत. आधी मिळत होतं ते मिळणं बंद झालं की वर्तन सुरुवातीला वाढू शकतं, कधीकधी भयंकर वाढतं. तिसऱ्या दिवशी घरच्यांचा धीर सुटतो, मागितलेलं मिळतं, आणि मूल शिकतं की साधं ओरडून नाही, खूप ओरडून मिळतं. म्हणून पर्यायी वर्तन शिकवल्याशिवाय आणि कारणाची खात्री असल्याशिवाय हा उपाय हातात घ्यायचा नसतो. मी तो घेतला होता, चार दिवसांच्या प्रशिक्षणावर.

हे शास्त्र आजच्या रूपात आलं कसं, तेही सांगायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगशाळेतल्या कामातून त्याचा पाया घातला गेला. १९६८ मध्ये बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी उपयोजित वर्तन विश्लेषण कसं असावं याची चौकट मांडली. त्यांची पहिलीच अट अशी की निवडलेलं वर्तन त्या माणसासाठी आणि समाजासाठी खरोखर महत्त्वाचं असलं पाहिजे. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी एक अभ्यास छापला: १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तासांहून जास्त शिकवलं, त्यांतली ९ पहिलीच्या साध्या वर्गात सामावली. जगभरातल्या पालकांनी हा आकडा उराशी धरला. प्रत्यक्ष शिकवणारे बरेचसे विद्यापीठाचे विद्यार्थी होते, म्हणजे आजच्या टेक्निशियनचं मूळ तिथे आहे. आणि त्याच कामात मुलांवर मोठ्यानं ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. त्याआधी, साठच्या दशकात, लोवास यांनी मुलांवर विजेचे झटकेही वापरले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत अपंग व्यक्तींना त्वचेवर विजेचे झटके देणारं यंत्र कितीतरी वर्षं वापरात राहिलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये त्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयानं ती रद्द केली.

हा इतिहास एबीए शिकवणाऱ्या बऱ्याच वर्गांत वगळला जातो. मला ते अप्रामाणिक वाटतं. लहानपणी अशा थेरपीतून गेलेली कित्येक स्वमग्न माणसं आज मोठी होऊन लिहीत आहेत, बोलत आहेत: आम्हाला हात हलवू दिले नाहीत, जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावलं, आम्ही 'शहाणे' दिसावं म्हणून आमचा जीव थकवला. त्यांचं ऐकायलाच हवं. मूल आनंदानं हात फडफडवत असेल आणि कुणाला इजा होत नसेल, तर ते बदलायचं कशासाठी? 'लोक बघतात' हे कारण १९६८ च्या त्या पहिल्या अटीत बसत नाही. माझं म्हणणं इतकंच की टीकाकारांचे अनुभव खरे आहेत म्हणून शास्त्र टाकून द्यावं, असं होत नाही. संडासला जायचंय हे सांगता न येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला ते सांगता येऊ लागतं, तेव्हा त्याच्या आयुष्यात जी मोकळीक येते ती मी डोळ्यांनी बघितलेली आहे. त्याच मुलाला त्याच तंत्रानं मोडताही येतं. चटईवर बसलेल्या ताईला काय शिकवलंय, त्यावर ते ठरतं.

अमेरिकेत या पातळीसाठी २०१४ पासून एक प्रमाणपत्र आहे. वय किमान १८, शालेय शिक्षण पूर्ण, ४० तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाची चाचणी, मग परीक्षा. त्यानंतरही दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास वरिष्ठांच्या देखरेखीखाली. चाळीस तास म्हणजे फार नाहीत, आणि ५ टक्के देखरेख तर मला कमीच वाटते. पण काहीतरी आहे. आपल्याकडे काही जण हीच अमेरिकी परीक्षा द्यायचे. ती घेणाऱ्या अमेरिकी मंडळानं २०२३ पासून ती मोजक्या देशांपुरती ठेवली आणि भारतातल्या नव्या उमेदवारांसाठी तो रस्ता बंद झाला.

आपला कायदा काय म्हणतो? भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. विशेष शिक्षक, वाचा-भाषा तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी तिथे होते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी महाराष्ट्रानं वेगळी परिषद काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता २१ दिव्यांगत्वांपैकी एक म्हणून आली. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत वर्तन विश्लेषक हा शब्द आलेला आहे. म्हणजे वरच्या पायरीला निदान नाव मिळालं. ताई मात्र कुठल्याच नोंदवहीत नाही. उद्या तुम्ही किंवा मी गाळा भाड्यानं घेऊन, भिंतीवर फुलपाखरं रंगवून, 'एबीए थेरपी' अशी पाटी लावली, तर ताईच्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारण्याचा अधिकार नेमका कुणाला, याचं सरळ उत्तर सापडत नाही. केस कापणाऱ्यानं कात्री चुकवली तर केस परत येतात, मुलाची गेलेली वर्षं येत नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो प्रामाणिक असतो. माणसंच नाहीत, त्यात अटी घातल्या तर लातूर-नंदुरबारच्या मुलांना मिळतंय तेही जाईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्यात जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तपासणी होते, मूल हेरलं जातं, आणि पुढे रोजच्या रोज शिकवायला हातच पुरत नाहीत. हे मला मान्य आहे. पण म्हणूनच तर या पातळीचं प्रमाणपत्र हवं. टेक्निशियन व्हायला सहा वर्षांचं शिक्षण लागत नाही. बारावी झालेली, मुलांची ओढ असलेली, निरीक्षण पक्कं असलेली मुलगी काही महिन्यांत उत्तम तयार होते, तिच्या मागे जाणकार माणूस उभा असेल तर. आशाताईंची फळी उभी करणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही. आज काय होतं? अशी मुलगी तुटपुंज्या पगारावर लागते, मुलाचे दोन-चार चावे खाते, कुणी समजावून सांगत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत बँकेच्या परीक्षेला बसते. मुलासमोर नवा चेहरा येतो. शिकवणं पहिल्यापासून.

शिक्षण मराठीत हवं, हे मी मुद्दाम वेगळं म्हणते. साहित्य बहुतेक इंग्रजी, म्हणून घरात मराठी ऐकणाऱ्या मुलाला आपण 'टच नोज', 'गिव्ह मी' शिकवतो. घरी आजी "नाक कुठंय?" विचारते आणि मूल शून्यात बघतं. मग आजी म्हणते, याला काही येत नाही. येतं, पण तिच्या भाषेत येत नाही. शिवाय मराठीची स्वतःची कोडी आहेत, ती कुठल्याही अमेरिकी पुस्तकात सापडणार नाहीत. ऐकलेलं जसंच्या तसं बोलणारी मुलं आई आणि ताई यांच्याच तोंडचं उचलतात, म्हणून मुलगा म्हणतो, "मी जेवते." पाणी हवं असलं की म्हणतो, "तुला पाणी हवंय?" मग त्याच्याकडून नमुना बोलून घेताना ताईनं स्वतःच्या नव्हे, त्याच्या तोंडचं वाक्य बोलायला हवं: त्यानं पेल्याकडे हात नेला त्याच क्षणी, "मला पाणी हवंय." वरण-भात हातानं कालवणं, टमरेल वापरून स्वच्छ होणं, चपला दाराबाहेर काढणं, या कौशल्यांचे टप्पे पाडून लिहिलेले मला कुठे छापील सापडले नाहीत. आम्ही आमच्या वहीत लिहितो. अशा शेकडो वह्या महाराष्ट्रात असतील आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही.

मदत देणं आणि काढून घेणं याबद्दल थोडं सांगते, कारण वाया गेलेली वर्षं मी इथे सगळ्यात जास्त पाहिलीत. एक दहा वर्षांचा मुलगा दुसऱ्या केंद्रातून आमच्याकडे आला. हात धुवायला बेसिनशी नेलं की नळाकडे बघत उभा. मला वाटलं, येत नसेल. मग लक्षात आलं की तो कोपर किंचित मागे करून थांबलाय. कुणीतरी कोपराला हात लावेल, मग नळ फिरवायचा, असं तो शिकला होता. कित्येक वर्षं त्याच्या कोपराला कुणी ना कुणी हात लावत आलं होतं आणि तो हात कधी कमी करायचा हे कुणाच्याच योजनेत नव्हतं. आम्ही हात कोपरापासून बोटभर लांब धरला, मग वीतभर, मग नुसतं नळाकडे बोट, मग तेही नाही. मे महिन्यात त्यानं न सांगता नळ उघडला आणि मग बंद करेना, पाण्याशी खेळत राहिला. त्या दिवशी आम्ही त्याला खेळू दिलं.

तक्ते शेवटच्या पाच मिनिटांत अंदाजानं भरले जातात, हे या कामातल्या प्रत्येकीला माहीत आहे. मीही भरलेत. पण त्या पंपाच्या दिवसांत मी वेळा अंदाजानं टाकल्या असत्या, तर गुरुवार रिकामा दिसला नसता आणि मी त्या मुलाला आणखी किती महिने खुर्चीत दाबून ठेवलं असतं, कुणास ठाऊक. त्याचं पुढे काय झालं ते सांगते. खोली बदलली. त्याला कान झाकायचे हेडफोन दिले आणि 'आवाज' हा शब्द शिकवला. पहिल्यांदा तो शब्द त्यानं मिक्सरसाठी वापरला, घरी. त्याच्या आईनं मिक्सर बंद केला आणि मला फोन केला, तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

सरकार नोंदवही कधी काढेल ते काढेल. मागणी लावून धरायला हवी. तोवर तुमचं मूल एखाद्या केंद्रात जात असेल तर तज्ज्ञांच्या पदव्यांबरोबर त्या ताईबद्दलही विचारा. तिला कुणी आणि किती दिवस शिकवलं, तिचं काम कोण, महिन्यातून कितीदा, प्रत्यक्ष बसून बघतं. या आठवड्याचा तक्ता दाखवा म्हणा. मूल नको म्हणालं, तोंड फिरवलं, अंग आखडलं, तर ती काय करते, हे तिलाच विचारा, साहेबांना नको. आणि एक तास आत बसून बघू द्या म्हणा. दार बंद ठेवणं हाच नियम आहे असं उत्तर आलं, तर मुलाचं दप्तर उचला आणि त्याला घरी घेऊन या.